मुलांचे खुबे आणि पावले



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. मुलांविषयी बोला, असे आयोजकांनी सुचवले तेव्हा मी लगेच होकार दिला. मी लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर आहे. आज मुलांच्या शरीरातल्या दोन जागांविषयी बोलायचे आहे, खुबा आणि पाऊल. समोर आशाताई दिसताहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, शिक्षक आहेत, आजी-आजोबा तर आहेतच. या दोन जागांचे आजार डॉक्टरच्या आधी तुम्हाला दिसतात, म्हणून हे सगळे तुमच्यासमोर मांडायला मला विशेष आनंद आहे.

माझ्या वयाच्या माणसांनी लहानपणी लंगडणारी जी मुले पाहिली, ती बहुतेक पोलिओची. प्रत्येक गावात अशी एकदोन मुले असायचीच. ताप आला, पाय लुळा पडला, आणि मग तो तसाच राहिला. त्यावर उपाय नव्हता, म्हणून कोणी शोधतही नव्हते. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. फार मोठी गोष्ट झाली. पण पोलिओ गेला तरी पोलिओने लावलेली सवय मात्र आपल्या अंगात राहिली. मूल लंगडताना दिसले की आजही आपण हळहळतो, ‘असतं एकेकाचं’ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. आज गोंदिया जिल्ह्यात जे मूल लंगडते, त्याच्या लंगडण्याचे कारण वेगळे आहे आणि बहुतेक वेळा त्यावर उपाय आहे. फक्त त्या उपायाला मुदत असते. ती मुदत कुठे किती असते, हे मला तुम्हाला सांगायचे आहे.

सुरुवात पावलापासून करतो. जन्मतःच पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली, तळवा वर आलेला, असे बाळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. याला आम्ही क्लबफूट म्हणतो. जगभरात साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. मुलींपेक्षा मुलांत दुपटीने आढळतो आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या वर होती. हजारी पंधरा असा जन्मदर धरला तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास बाळे जन्मतात. म्हणजे ढोबळ हिशेबाने दरवर्षी वीसेक बाळे क्लबफूट घेऊन या जिल्ह्यात येणार. त्या वीसही बाळांची नावे जन्मानंतर पंधरा दिवसांत कुठेतरी नोंदली गेली, तर तालुक्याच्या आठही ठिकाणी वाकड्या पायाचे तरुण माणूस दिसायचे कारण उरत नाही.

हे बाळ दिसले की घरात पहिला प्रश्न येतो तो ग्रहणाचा. ग्रहणात सुनेने विळीवर भाजी चिरली का, काही शिवले का, कडीला हात लावला का? मी शांतपणे एकच सांगतो. ग्रहण लागते ते साऱ्या जिल्ह्याला दिसते. त्या काळात हजारो बाया गरोदर असतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींची बाळे सरळ पायाची जन्मतात. क्लबफूटचे नेमके कारण बहुतेक बाळांत सापडत नाही. काही घराण्यांत तो पुन्हा दिसतो, म्हणजे थोडा वाटा आनुवंशिकतेचा आहे. ग्रहणात आईच्या हातून काही घडल्यामुळे तो झाला, असे कधीच नसते. बाळंतपणाने आधीच थकलेल्या पोरीच्या डोक्यावर हा दोष ठेवू नका. त्याने आणखी एक नुकसान होते. दोष आपला आहे असे वाटले की ती बाळाचा पाय दुपट्यात झाकून ठेवते, आणि झाकलेला पाय आशाताईंनाही दिसत नाही.

उपचाराची पद्धत एका स्पॅनिश माणसाची आहे. इग्नासिओ पोनसेटी यांचा जन्म १९१४ साली मिनोर्का बेटावर झाला. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींची सेवा केली, त्यांची बाजू हरल्यावर देश सोडला, मेक्सिकोत काही काळ काढला आणि १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोहोचले. त्या काळी क्लबफूटसाठी मोठ्या शस्त्रक्रिया होत. पाऊल सरळ दिसे, पण पुढे मोठेपणी ते ताठर होई आणि दुखे. पोनसेटींनी पावलाच्या हाडांचा बारकाईने अभ्यास केला. नवजात बाळाच्या पावलात पक्के हाड थोडे आणि कूर्चा जास्त असते. नेमक्या क्रमाने, हळुवार वळवले तर ती हाडे जागेवर येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पद्धत त्यांच्या हाती पन्नासच्या दशकातच तयार होती, पण जगाने ती मनापासून स्वीकारली ती १९९० नंतर. २००९ साली ते गेले. त्यांचा जन्मदिवस ३ जून हा आता जगभर क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

आता ते काम कसे चालते ते जवळून सांगतो, कारण आईवडिलांना सर्वांत जास्त भीती प्लास्टरचीच असते. बाळ पोटभर दूध प्यालेले असावे. शक्यतो आईच्या कुशीत असावे. मी घोट्याच्या बाहेरच्या बाजूला उठून आलेले हाड अंगठ्याने शोधतो. तो टेकू. दुसऱ्या हाताने पावलाचा पुढचा भाग त्या टेकूभोवती बाहेरच्या बाजूला सावकाश वळवतो. टाचेला हात लावायचा नाही, ती आपोआप वळत येते. जेवढे सहज वळले तेवढेच वळवायचे, आणि त्या स्थितीत कापूस गुंडाळून प्लास्टर घालायचे. पायाच्या बोटांपासून थेट जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. प्लास्टर गुडघ्याखालीच थांबवले तर बाळ पाय ओढून ते सोडवून टाकते. बोटे मोकळी आणि गुलाबी दिसली पाहिजेत. निळी पडली, सुजली किंवा प्लास्टरच्या आत गेली, तर त्याच दिवशी परत यायचे. आठवड्याने ते प्लास्टर भिजवून काढतो, पाऊल आणखी थोडे वळवतो आणि नवे घालतो. अशी पाच ते सात प्लास्टरे लागतात. शेवटी टाच खाली यायला अडते, तेव्हा बहुतेक बाळांत टाचेमागची जाड शीर तेवढी जागा बधिर करून एका लहानशा छेदातून कापावी लागते. काही मिनिटांचे काम. शीर कापली म्हणजे पाय गेला, असे समजून आजीबाई रडायला लागतात. पण या वयात ती शीर तीन आठवड्यांत पुन्हा जुळून येते, आणि तेवढे आठवडे शेवटचे प्लास्टर ठेवतो. शंभरातली नव्वदाहून अधिक पावले याच रीतीने सरळ होतात, मोठ्या शस्त्रक्रियेविना.

आणि इथे खरी परीक्षा सुरू होते. पाऊल सरळ झाले की लोकांना वाटते, झाले काम. पण ते पाऊल परत वळू पाहते. ते रोखायला एका पट्टीला जोडलेले दोन बूट मिळतात. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, फक्त आंघोळीपुरते काढायचे. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत. पाऊल पुन्हा वाकडे होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हे बूट बंद होणे. आपल्याकडे ते नेमके केव्हा बंद होतात, हे पाहिले की वाईट वाटते. पाऊस पडला, भाताचे परे काढायला झाले, रोवणी सुरू झाली, आई दिवसभर बांधीत, बाळ आजीपाशी किंवा सात-आठ वर्षांच्या ताईपाशी. बाळ पहिल्या एकदोन रात्री किरकिरते, थकलेली आई बूट काढते आणि पुन्हा घालायचे राहून जाते. यात आईला बोल लावण्यात अर्थ नाही. रोवणीच्या दिवसांत आशाताईंनी त्या घरी एक चक्कर मारावी, आजीला बूट घालायला शिकवावे आणि बापाने रात्री ते काम आपल्याकडे घ्यावे. एवढ्याने पाऊल वाचते.

या सगळ्याला खर्च किती, असा प्रश्न येतोच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार या कार्यक्रमात मोफत आहेत. जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूट आहे आणि खुब्याचा जन्मजात दोषही आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे असते. पण पथकाची वाट पाहण्यात सहा महिने घालवू नका. क्लबफूटचे बाळ पहिल्या पंधरवड्यात थेट शासकीय रुग्णालयात आणा. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुंवर तिलकसिंह रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय त्याच्याशी जोडलेली आहेत. जिथे बाळंतपण झाले तिथेच, डिस्चार्जच्या आधी, पाऊल दाखवून घ्यावे.

आता खुबा. वाकडे पाऊल निदान डोळ्यांना दिसते. खुबा मांडीच्या स्नायूंमागे लपलेला असतो, म्हणून तो जास्त फसवतो.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतो. बाळाच्या जन्माच्या वेळी दोन्ही बहुतांशी कूर्चेचे असतात आणि एकमेकांच्या आधाराने आकार घेतात. गोळा उखळीत नीट बसला तर उखळी खोल होते. गोळा सैल राहिला किंवा बाहेर सरकला, तर उखळी उथळच राहते. मुलींत हा दोष जास्त, पहिलटकरणीच्या बाळात जास्त, पायाळू बाळात आणि घराण्यात आधी कोणाला असेल तर जास्त. बाळाला तो दुखत नाही. बाळ रडत नाही, रांगते, उभे राहते, आणि चालायला लागल्यावर घरच्यांच्या लक्षात येते की पोरीचा एक पाय आखूड पडतो आहे. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर ती बदकासारखी डोलत चालते. तिचे ते डोलणे सगळ्यांना गोड वाटते, आणि एक वर्ष आणखी निघून जाते.

सहा महिन्यांच्या आत कळले तर पट्ट्यांचे एक साधे जाकीट पुरते. पाव्हलिक नावाच्या चेक डॉक्टरांनी ते शोधले. पाय वाकलेले आणि फाकलेले राहतात, बाळ लाथा मारू शकते आणि गोळा उखळीत बसून जातो. सहा महिन्यांनंतर भूल देऊन गोळा बसवावा लागतो आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर. चालायला लागल्यावर कळले तर बहुधा सांधा उघडून, हाड कापून मोठी शस्त्रक्रिया. शाळेत जाऊ लागल्यावर आणलेल्या मुलीचा खुबा पूर्ण चांगला करून देण्याचे आश्वासन मी देऊ शकत नाही.

म्हणून अगदी साध्या दोन गोष्टी पाहा. लंगोट बदलताना बाळाच्या दोन्ही मांड्या सारख्या फाकतात का? एक अडते का? बाळाला पाठीवर झोपवून गुडघे वाकवले, टाचा पलंगाला टेकवल्या, की दोन्ही गुडघे एका उंचीवर येतात का? मांडीवरच्या वळ्या एका बाजूला जास्त दिसल्या, तर केवळ त्यावरून घाबरू नका, ते पुष्कळ निरोगी बाळांतही असते. पण मांडी फाकत नसेल तर तपासा. डॉक्टर हाताने तपासतात, इटलीच्या ओर्तोलानींची ती पद्धत १९३७ सालची. सैल गोळा उखळीत परत शिरताना बोटांना कळतो. पहिल्या चार महिन्यांत सोनोग्राफीने खुबा नीट दिसतो. त्यानंतर एक्स-रे उपयोगी पडतो.

आपल्या घरांतल्या दोन चालींविषयी इथेच बोलतो. एक वाईट, एक चांगली. वाईट अशी, की बाळाचे पाय सरळ व्हावेत म्हणून ते ताणून, एकमेकांना जोडून दुपट्यात घट्ट बांधणे. मालिशवाली बाई पाय ओढते, कधी दोन्ही पाय धरून बाळाला उलटे लटकवते. नवजात बाळाचे पाय वाकलेले असणेच योग्य असते. ते ओढून सरळ करू नका. जपानमध्ये बाळाला असे घट्ट बांधण्याची पद्धत होती. सत्तरच्या दशकात तिथे तिच्याविरुद्ध मोठी मोहीम निघाली आणि निखळलेल्या खुब्यांचे प्रमाण झपाट्याने उतरले. तेल लावा, उन्हात न्या, पण मांड्या मोकळ्या ठेवा. चांगली चाल म्हणजे बाळाला कडेवर घेणे. आपल्या आया पाणी भरताना, बाजारात जाताना मूल कमरेवर पाय फाकवून बसवतात. खुब्यासाठी यापेक्षा चांगली बैठक नाही.

आता ज्या विषयासाठी मी गोंदियाला यायला विशेष उत्सुक होतो, त्याकडे येतो.

चार ते आठ वर्षांच्या मुलाच्या खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा कधी कधी अचानक थांबतो. गोळ्याचा तेवढा भाग मरतो, मऊ होतो, चेपतो आणि मग दोन-तीन वर्षांत पुन्हा भरून येतो. भरून येताना तो गोल राहिला तर उत्तम, चपटा झाला तर मोठेपणी त्रास. १९१० साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पेर्थेस अशा तिघांनी याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. म्हणून त्याला लेग-काल्व्हे-पेर्थेस, थोडक्यात पेर्थेसचा आजार म्हणतात. मुलग्यांत तो चार-पाचपट जास्त. आपल्या देशात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, उडुपीकडे, तो पुष्कळ दिसतो. मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी त्यावर आयुष्यभर काम केले आहे.

एक्स-रेवर अगदी असेच दिसणारे, पण मुळात वेगळे असणारे एक दुखणे पूर्व विदर्भात आहे. ते सिकलसेलचे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात, त्यामुळे तो गोळा पहिला बळी जातो. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. म्हणजे पासष्ट वर्षांहून जास्त काळ आपल्याला हे माहीत आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या हिवताप होता, त्या जंगलपट्ट्यात हा दोष टिकला. कारण ज्याला तो फक्त एका पालकाकडून मिळतो, त्या वाहकाला हिवतापाचा जीवघेणा प्रकार कमी होतो. विदर्भातल्या काही समाजांत वाहकांचे प्रमाण पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत आढळले आहे. आदिवासी, बौद्ध, ओबीसी, सगळ्यांत आहे. तो कोण्या एका जातीचा नाही आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सिकलसेलचा पहिला निरोप बहुधा पावलातूनच येतो. सहा महिने ते दोन-तीन वर्षांचे बाळ. अचानक दोन्ही हातांचे आणि पावलांचे पंजे सुजतात, गरम होतात, बाळ पाय टेकवत नाही, हात लावला की किंचाळते. घरी म्हणतात, काही चावले असेल. कोणी मुरगळले म्हणून लेप लावतो. आठ-दहा दिवसांत सूज उतरते आणि विसरली जाते. या जिल्ह्यात अशी सूज आलेल्या प्रत्येक बाळाची सिकल चाचणी झालीच पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी साधी आणि स्वस्त आहे. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. ती एक सूज ओळखली, तर पुढची अनेक वर्षे त्या मुलाला जपता येते. न्यूमोनियाची लस देता येते, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू करता येते, भरपूर पाणी पाजायला आईला शिकवता येते.

न ओळखले गेलेले मूल पुढे कसे येते, ते सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, गुडघा दुखतो म्हणून वर्षभर दाखवत होते. गुडघ्याचे दोन एक्स-रे झाले, दोन्ही चांगले. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या झाल्या, एकाने ‘ताकदीची सुई’ दिली. मी त्याला पाठीवर झोपवले, गुडघ्याला हात न लावता फक्त मांडी आत फिरवली, तसा तो ओरडला. खुब्याचा एक्स-रे काढला. गोळा चेपला होता, दुसऱ्या बाजूच्या गोळ्यातही सुरुवात होती. पालकांनी तोवर सिकलसेल हा शब्द फक्त भिंतीवर वाचला होता. चाचणी केली, मुलगा सिकलग्रस्त निघाला. आईबाप दोघेही वाहक.

या गोष्टीतून दोन नियम निघतात. पहिला जगभर लागू आहे. मुलाचा गुडघा दुखत असेल तर खुबा तपासा. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना एकाच नसेतून जातात, म्हणून दुखते खुब्यात आणि मूल दाखवते गुडघ्याकडे. दहा ते सोळा वर्षांच्या, विशेषतः वजनदार मुलांत मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या थरावरून सरकतो. तेही गुडघादुखी म्हणूनच येते, आणि त्यात स्क्रू वेळेवर बसवला नाही तर खुबा बाद होतो. दुसरा नियम आपल्या भागाचा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात खुब्याचा गोळा चेपलेला दिसला, तर सिकल चाचणी होईपर्यंत त्याला पेर्थेस म्हणू नये. पेर्थेसचे मूल वाढता वाढता बरे होत जाते. सिकलचे मूल खुबा, फुप्फुसे, प्लीहा, डोळे अशा सगळ्यांसाठी आयुष्यभर लक्ष मागते. निदान चुकले तर खुब्याबरोबर मूलही हातचे जाऊ शकते.

सिकलच्या खुब्याला करायचे काय? लवकर सापडला तर त्यावरचा भार कमी करायचा. कुबड्या, उड्या बंद, फिजिओथेरपी, आणि हायड्रॉक्सीयुरियाने दुखण्याचे झटके कमी ठेवायचे. काहींत हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करतात. फार उशिरा आले तर ऐन तारुण्यात कृत्रिम सांधा बसवावा लागतो. काय टाळायचे, तेही सांगतो. मघाच्या मुलाला मिळाली तशा ताकदीच्या सुया आणि पुडीतल्या गोळ्यांत पुष्कळदा स्टिरॉईड असते. स्टिरॉईड स्वतःच हा गोळा मारू शकते. सिकलच्या मुलाला कडाक्याच्या थंडीत उघडे फिरू देऊ नका, रोवणीच्या बांधीत दिवसभर भिजत उभे करू नका, उन्हात मोहफुले वेचायला पाण्याविना पाठवू नका. शाळेत त्याच्या बाकावर पाण्याची बाटली असू द्या आणि लघवीला जायला आडकाठी करू नका, कारण त्याला ते वारंवार लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका.

आता एक तातडीची गोष्ट. तिला मुदत महिन्यांची नाही, तासांची आहे. मूल कालपर्यंत खेळत होते, आज ताप आहे आणि पाय टेकवत नाही, खुबा हलवू देत नाही. तान्हे बाळ असेल तर ते एक पाय हलवतच नाही आणि लंगोट बदलताना कळवळून रडते. हा खुब्यात पू झाल्याचा संशय. पूने कूर्चा दोन-तीन दिवसांत विरघळते. तान्ह्या बाळाचा अख्खा गोळा नाहीसा झालेला मी पाहिला आहे. अशा वेळी देवरीत किंवा अर्जुनी-मोरगावला सकाळची वाट पाहत बसू नका. १०८ ला फोन करा आणि रात्रीच निघा. सर्दी-खोकल्यानंतर तीन ते आठ वर्षांची मुले काही दिवस लंगडतात, ताप नसतो किंवा किरकोळ असतो, आठ-पंधरा दिवसांत बरी होतात. ही साधी सूज, आणि खुबा दुखण्याचे हेच सर्वांत सामान्य कारण. पण साधी सूज की पू, हे रक्त तपासून, सोनोग्राफी करून डॉक्टरने ठरवायचे आहे.

एवढे ऐकून तुम्ही घरी जाल आणि प्रत्येक मुलाचे पाय पाहून घाबराल, असे व्हायला नको. माझ्याकडे येणारे निम्मे पालक ज्यासाठी येतात, त्याला उपचार लागतच नाहीत. सपाट तळवा हे त्यांतले मोठे प्रकरण. सगळी बाळे सपाट तळव्याचीच जन्मतात, कमान हळूहळू पहिल्या दशकात तयार होते. मुलाला चवड्यावर उभे करा. कमान उमटली आणि दुखत नसेल, तर काही करायचे नाही. महागडे बूट, सोल, काही नाही. १९९२ साली राव आणि जोसेफ यांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० भारतीय मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. लहानपणापासून पायताण घालणाऱ्यांत सपाट पावले ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. घरात, अंगणात मुलाला अनवाणी खेळू द्या. शेतात मात्र चप्पल हवी, तिथे साप आहेत.

दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्याकृती असतात. तीन-चार वर्षांचे झाले की उलट गुडघे एकमेकांना लागतात, आणि सातव्या वर्षापर्यंत सरळ होतात. पावले आत टाकत चालणारी बहुतेक मुले मोठी होता होता सुधारतात. एकाच पायाचा बाक, वाढत जाणारा बाक, मनगटे जाड झालेली, उंची खुंटलेली, असे असेल तर मुडदूस असू शकतो. मग ‘ड’ जीवनसत्त्व आणि इतर तपासण्या कराव्या लागतात.

आपली काळजी कुठे खर्च होते, याचा विचार मी बरीच वर्षे करतो आहे. सपाट तळव्यासाठी लोक विदर्भ एक्स्प्रेसने नागपूरला येतात आणि न दुखता लंगडणारी पोर गावातच राहते. पैसा कमी पडतो म्हणून हे होते, असे मला वाटत नाही, योजना आहेत. मुलगी आहे, दुखत नाही, लग्नापर्यंत बघू, असे म्हणणारी घरेही मी पाहिली आहेत. लग्नापर्यंत त्या खुब्याचे काही उरत नाही.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर सिकलसेलचे शेवटचे बोलून घेतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक वेळी. पहिले ग्रस्त झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शहडोलही आपल्यासारखाच जंगलपट्ट्यातला जिल्हा. मोहीम सरकारने चालवायची आणि चाचणी आपण करून घ्यायची. शाळा-कॉलेजातच करा, सोयरीक जमण्याच्या आधी. आणि दोघे वाहक असताना लग्न झालेच असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, हे त्या जोडप्याला सांगा.

शिक्षकांना आणि आशाताईंना माझी एक विनंती आहे. उद्या शाळेच्या मैदानावर, अंगणवाडीत, तुमच्या टोल्यात जे मूल लंगडताना दिसेल, त्याचे नाव वहीत लिहा. किती दिवसांपासून, दुखते का, ताप आहे का, सिकल चाचणी झाली का, एवढेच चार प्रश्न. ताप असेल तर त्याच दिवशी पाठवा. नसेल तर येत्या आठवड्यात त्याला खुब्याच्या एक्स-रेसाठी आणि सिकल चाचणीसाठी गोंदियाला पाठवा, आणि ते गेले की नाही हे पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन विचारा.